चावी फिरवण्याआधी गाडीभोवती एक फेरी

शिकाऊ परवाना हाती आला की बहुतेकांचे सारे लक्ष क्लच, गिअर आणि चढावर गाडी मागे न जाऊ देणे यांवरच एकवटते. पुण्यात गाडी शिकवताना मला हे नेहमी दिसते. शिकवणीच्या गाडीची हवा, ब्रेक आणि दिवे दुसरेच कोणी पाहत असल्यामुळे गाडी तपासण्याची सवय शिकताना लागत नाही, आणि पक्का परवाना मिळून घरची गाडी हाती येते तेव्हा ती जबाबदारी एकदम आपल्यावर येऊन पडते.

सुरुवात सोसायटीच्या पार्किंगमधूनच करावी. गाडीखाली डोकावून पाहावे. पावसाळ्यात तिथे मांजर किंवा कुत्र्याचे पिल्लू हमखास बसलेले असते. एसी चालवल्यानंतर खाली साचलेल्या स्वच्छ पाण्याची काळजी नको, परंतु डाग तेलकट किंवा रंगीत असेल, तर गाडी बाहेर काढण्याआधी मेकॅनिकला दाखवावी.

टायरपाशी मात्र थोडे थांबावे. खाचांच्या तळाशी मधूनमधून आडवे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे खाचेची खोली साधारण १.६ मिलिमीटर उरली, आणि असा टायर बदलायलाच हवा. गोटा झालेला टायर उन्हाळ्यात एखादे वेळी निभावून नेईलही, पण जूनच्या पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर त्याची पकड सुटते. नक्षी शाबूत असली तरी टायर जुना असू शकतो. त्याच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३२१ असेल तर तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. हवा किती असावी हे बहुतेक गाड्यांमध्ये चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेले असते. ती टायर थंड असताना भरावी, कारण धावून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. पंपावरच्या माणसाला ‘नेहमीची भरा’ असे न सांगता आकडा सांगावा, आणि त्याच वेळी स्टेपनीतही हवा भरून घ्यावी.

दिवे, इंडिकेटर आणि हॉर्न एका मिनिटात तपासून होतात. ब्रेकचा दिवा स्वतःला दिसत नसल्यास मागच्या भिंतीवर पडणारा लाल उजेड पाहावा. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी इंजिन थंड असतानाच पाहावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

ब्रेकची परीक्षा गाडी जागेवर उभी असतानाच घेता येते. इंजिन बंद ठेवून पेडल तीन-चार वेळा दाबले की ते कडक होते. मग पाय तसाच दाबून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली सरकले तर ब्रेकला इंजिनची मदत मिळते आहे असे समजावे. ते स्पंजासारखे लागले किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खालीच जात राहिले, तर ती गाडी त्या दिवशी रस्त्यावर काढू नये. बॉनेटखालील ब्रेक ऑइल त्याच्या डबीवरच्या खालच्या रेषेजवळ आले असेल, तर वरून ओतून मोकळे होण्याची घाई नको. ब्रेकचे पॅड झिजले आहेत की कुठे गळती आहे, हे आधी पाहून घ्यावे. अर्थात, शाबूत ब्रेकही सतत दाबून ठेवले की तापून निकामी होतात. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर म्हणूनच गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. खालच्या गिअरमध्येच उतरावे.

शेवटी आत बसल्यावर पायाखाली पाहावे. घरंगळलेली पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकू शकते, आणि सरकलेले मॅटही पेडल अडवते; तरी या गोष्टी फारसे कोणी पाहत नाही. सीट अशी लावावी की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. त्यानंतरच आरसे लावावेत, कारण सीट हलली की आरशातले दृश्य बदलते, आणि पुण्यात डावा आरसा नीट लावलेला नसेल तर त्या बाजूने घुसणारी दुचाकी दिसतच नाही.