बेताच्या पैशांत माउंटन बाइक कशी निवडावी : नाशिकच्या वाटांसाठी काही सूचना

दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी सायकल कोठे चालवायची आहे हे कागदावर लिहून काढावे. नाशिककरांसाठी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण शहराच्या आसपासच तीन निरनिराळ्या प्रकारची जमीन लागते. पांडवलेणी आणि म्हसरूळच्या चामरलेणीच्या पायथ्याला सुट्या खड्यांच्या मुरमाड वाटा आहेत, गंगापूर धरणाच्या आणि गिरणाऱ्याच्या बाजूला शेतरस्ते आहेत, जेथील काळी माती पहिल्या पावसानंतर चाकाभोवती गोळ्यांनी चिकटते, आणि त्र्यंबकेश्वरकडे सरळ डांबरी रस्ता जातो. ज्याचे बहुतेक चालवणे डांबरावर होणार आहे, त्याने माउंटन बाइक घेऊच नये, साधी हायब्रिड (रस्त्याची आणि माउंटन बाइक यांच्यामधली सायकल) घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली तेव्हापासून शहरात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची चर्चा घरोघरी होते. परंतु ती डांबरी रस्त्याची शर्यत आहे, आणि तिच्यामुळे रूढ झालेला अरुंद टायर व भरपूर हवेचा सल्ला डोंगरवाटेवर उलट त्रासच देतो.

खर्चाचा अंदाज वीस ते तीस हजार रुपयांचा असेल, तर त्यातून हेल्मेट, हातपंप, एक जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य आणि कुलूप यांचे पैसे आधीच बाजूला काढावेत. उरलेली रक्कम ज्या गोष्टी पुढे बदलता येत नाहीत, किंवा बदलायला फार महाग पडतात, त्यांवर प्रथम खर्च व्हावी. फ्रेम, फ्रेमचे माप आणि मागच्या चाकाचा हब (चाकाच्या मध्यभागी असणारा, तारा जोडलेला भाग) या त्या तीन गोष्टी होत. टायर, सीट, पॅडल, हँडलचे ग्रिप हे सगळे झिजतेच, तेव्हा ते जसजसे झिजेल तसतसे चांगले घेता येते.

मापाबाबत दुकानदाराचे ‘सीट वर-खाली केली की बसेल’ हे वाक्य मान्य करू नये. सीटच्या उंचीने पायांची सोय होते, हँडलपर्यंतचे अंतर मात्र फ्रेमच ठरवते, आणि ते चुकले तर खांदे व कंबर कायम तक्रार करत राहतात. बूट घालून सायकलचा आडवा दांडा दोन पायांमध्ये घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहावे. दांडा आणि जांघ यांच्यात किमान पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. साधारण १६५ ते १७५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीला बहुतेक कंपन्यांची ‘मीडियम’ फ्रेम बसते, तरी प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असल्याने तो पाहूनच निर्णय घ्यावा. हवे ते माप शिल्लक नसेल तर मागवून घ्यावे, आणि त्यासाठी दोन आठवडे थांबावे लागले तरी थांबावे.

फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असावी. या किमतीत बहुतांश ठिकाणी ६०६१ मिश्रधातू मिळतो आणि तो पुरेसा आहे. दोन बाबी मात्र वाकून पाहाव्यात. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्या लहानशा पट्टीला जोडलेला असतो, तो हँगर स्क्रूने सुटणारा हवा, कारण सायकल उजव्या अंगावर पडली की प्रथम तोच वाकतो, आणि तो फ्रेमचाच भाग असेल तर दुरुस्ती अवघड होते. दुसरे म्हणजे हँडलखालची हेडट्यूब खाली रुंद होत गेलेली असेल, तर पुढे कधीतरी चांगला फोर्क (पुढचे चाक धरणारा भाग) बसवण्याचा मार्ग मोकळा राहतो.

फोर्कच्या, म्हणजे आपल्याकडे सर्रास ‘शॉकअप’ म्हटल्या जाणाऱ्या भागाच्या, बाबतीत सर्वाधिक फसगत होते. माझी पहिली सायकल पुढे आणि मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली होती. दुकानात ती रुबाबदार दिसली, पण चढावर प्रत्येक पॅडलबरोबर मागचा भाग खाली बसू लागला, आणि एका पावसाळ्यात तिच्या सांध्यांतून असा कर्कश आवाज यायला लागला की वाटेतली गुरे मान वर करून पाहत. वीस-तीस हजारांत मागचे सस्पेन्शन चांगले मिळूच शकत नाही, म्हणून फक्त पुढे सस्पेन्शन असलेली ‘हार्डटेल’च निवडावी. या किमतीतील स्प्रिंगचा फोर्क वजनाने सुमारे अडीच किलोच्या आसपास असतो. १०० मिलिमीटर प्रवास (म्हणजे फोर्क जेवढा दाबला जातो ते अंतर) आणि चढावर उपयोगी पडणारे, फोर्कचे दबणे रोखणारे लॉकआउट एवढे असले की पुरे. पुढचा ब्रेक घट्ट धरून सायकल पुढेमागे ढकलावी: फोर्कचे पाय खडखडत असतील, किंवा दाबल्यावर परत येताना ठक्क आवाज होत असेल, तर तो नमुना बाजूला ठेवावा.

मागच्या हबविषयी सहसा कोणी विचारत नाही. ‘२१ गिअर’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या सायकलींत बहुधा सात दातचक्रांचे फ्रीव्हील असते. पॅडल थांबवल्यावर खटखट करणारा भाग फ्रीव्हीलमध्येच असून ते हबवर आटे फिरवून बसवलेले असते. त्यामुळे उजव्या बाजूचे बेअरिंग आत सरकते, अ‍ॅक्सलचे (चाकाच्या आसाचे) टोक आधाराविना बाहेर राहते, आणि खड्ड्यांच्या वाटेवर ते वाकते किंवा तुटते. कॅसेट पद्धतीत हा भाग हबमध्येच असतो आणि बेअरिंग टोकाजवळ येते. सर्वांत लहान चक्राला चौदा दात असतील तर ते फ्रीव्हील असण्याची शक्यता दाट असते. मागे नऊ किंवा अधिक चक्रे असली तर ती जवळजवळ नेहमी कॅसेटच असते. खात्री करण्यासाठी सरळ विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे.

गिअरांच्या एकूण संख्येपेक्षा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, ते पाहावे. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दातांनी भागले की हिशेब कळतो. पुढे २४ आणि मागे २८ असतील तर उत्तर ०.८६ येते, पुढे एकच ३२ दातांचे आणि मागे ४६ दातांचे असेल तर ०.७० येते. म्हणजे दहा गिअरची सायकल २१ गिअरच्या सायकलीपेक्षा चढाला सोपी ठरू शकते, शिवाय पुढचा डिरेलर नसल्याने चिखल अडकण्याची एक जागा कमी होते. गिअरचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या जुन्या मालिकांचा चढता क्रम टुर्नी, अल्टस, एसेरा, एलिव्हियो, देओरे असा आहे. ऐपतीप्रमाणे निदान अल्टसपर्यंत जावे. २०२३ मध्ये आलेल्या ‘क्यूज’ मालिकेचे भाग या जुन्या मालिकांशी सरसकट जुळत नाहीत, म्हणून सुटे भाग घेताना दोन्हींची सरमिसळ करू नये.

ब्रेकमध्ये हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारी) डिस्क परवडत असेल तर अवश्य घ्यावी, कारण उतारावर एका बोटाने वेग आवरता येतो. वायरची डिस्कही वाईट नाही; तिची वायर खेड्यापाड्यांतही बदलता येते.

टायर मात्र नाशिकच्या दृष्टीने वेगळा विचार मागतो. रुंदी २.१ ते २.२५ इंच असावी, आणि टायर व फ्रेम यांच्यात बोट सहज जाईल इतकी फट असावी, नाहीतर काळ्या मातीत चाक जाम होते. ७० किलो वजनाच्या चालकाने ट्यूब असताना साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा ठेवावी. त्याहून जास्त भरली तर सायकल खड्यांवरून उसळते. आपल्याकडे खरा शत्रू बाभळीचा काटा आहे. ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव घालणे हा त्यावरचा स्वस्त उपाय असून मोटारसायकलीसारखा व्हॉल्व्ह असलेल्या ट्यूबमध्ये तो सहज भरता येतो, शिवाय हवा पेट्रोल पंपावरही घालता येते.

जुनी सायकल घेत असल्यास मूळ बिल मागावे, फ्रेमवरचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा आणि हेडट्यूबच्या जोडाजवळ केसासारखी चीर आहे का हे उजेडात तपासावे. चेनची झीज साध्या फुटपट्टीने कळते. एका पिनेच्या मध्यापासून मोजल्यास तिच्यापुढच्या चोविसाव्या पिनेचा मध्य नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंचांवर येतो. तो एक षोडशांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलावी, आणि एक अष्टमांश गेला असेल तर कॅसेटचाही खर्च किमतीतून वजा करून मागावा.

नवी सायकल शंभर-दीडशे किलोमीटर चालल्यावर चाकांच्या तारा थोड्या ढिल्या पडतात. तेव्हा ती दुकानात नेऊन चाकांचा आउट (डगमग) काढून घ्यावा. पहिली सर्व्हिसिंग बहुधा मोफत असते, आणि ती तारीख टळू देऊ नये.