झडीत तळ्यात शेण टाकू नका

चार दिवस ऊन नाही आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळायला लागले, की लोक दुकानाकडे पळतात. आधी शेणाची पाटी बाजूला ठेवा. दर श्रावणात हेच सांगतोय.

मृगळ तळाचा मासा. कुजका पाला, शेणाचा चोथा, मेलेलं शेवाळ यावर त्याचं पोट भरतं. सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) तर गाळात तोंड खुपसून लाल अळ्याही वेचतो. म्हणून लोक म्हणतात, ‘खाली मृगळ आहे ना, टाका शेण!’ पण त्याच्या पोटाला मर्यादा आहे. उरलेलं जिवाणू कुजवतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. ढगाळ हवेत शेवाळ तो भरून काढत नाही. प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम तरी लागतो. ३ च्या खाली गेला की मासे वर येतात. मोठे आधी मरतात.

तळाचा गाळ मुठीत घ्या. तपकिरी, मातीचा वास असेल तर ठीक. काळा आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर शेण पूर्ण बंद. लाल अळ्यांचा गुंता दिसला तरी मी महिनाभर शेण टाकत नाही. हा माझा अंदाज, पुस्तकातला नव्हे. त्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, कमी प्राणवायूत त्या तगतात. मासा तगत नाही.

बाकी नेहमीचं:
- बोटुकली (बोटाएवढी पिल्लं): हेक्टरी ५,०००, ३० बाय ३० मीटर तळ्यात ४५०
- चुना: वर्षाला हेक्टरी २०० ते २५० किलो, हप्त्यांनी, पाण्याचा सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तर नको
- कोंडा-पेंड समभाग, माशांच्या वजनाच्या २ ते ३ टक्के. झडीत निम्मं, मासे वर आले त्या दिवशी काहीच नाही
- जाळं: महिन्यातून एकदा, उघडीप पाहून

मासे वर आलेच तर पंप लावून तळ्यातलंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा, उजाडेपर्यंत. तळ ढवळू नका. ‘गाळ खाणाऱ्या जिवाणूंची’ महागडी पावडर त्या वेळी तर नकोच. आमच्या शिवारात एकाने ती भर झडीत रात्री ओतली, सकाळी कटला मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. अहो, ते जिवाणूही प्राणवायूच ओढतात!

उद्या पहाटे पाचला बॅटरी घेऊन तळ्यावर जा. प्लास्टिकचं अस्तर असेल तर काठाला दोर बांधून ठेवा. शेवाळाने ते साबणासारखं निसरडं झालेलं असतं.