खंतीला पंधरा मिनिटं

'पदवी अर्धवट सोडताना मी कुणालाच विचारलं नाही' ही खंत कामाची आहे. तिच्यात एक कृती आहे आणि पुढच्या वेळी ती वेगळी करता येते. 'मी आहेच धरसोडीचा' ही बिनकामाची, कारण तिच्यात बदलायला काही उरतच नाही. खंत तारते की अडवते, ते बहुतेक वेळा इथेच ठरतं.

खंत मुळीच नको असंही नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, डोळ्यांच्या वर असलेल्या मेंदूच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना पैजेच्या खेळात हुकलेल्या पर्यायाची हळहळ वाटत नव्हती. पुढे हळहळावं लागेल हे ओळखून निवड बदलणंही त्यांना जमत नव्हतं.

म्हणून तिला वेळ द्या, पण मोजून. 15 मिनिटांचा गजर लावा आणि कागद घ्या. (फोनवर नको, तिथे लिहिता लिहिता माणूस जुने फोटो बघत बसतो.) एकच निर्णय निवडा. वर्ष लिहा, आणि काय केलं किंवा काय टाळलं ते एका वाक्यात, क्रियापदासह. खाली दोन रकाने पाडा: 'तेव्हा माहीत होतं' आणि 'नंतर कळलं'.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. निकाल कळल्यावर तो आधीपासून दिसतच होता असं वाटू लागतं. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी 1975 मध्येच हे दाखवलं होतं. मग नंतरचं शहाणपण पहिल्या रकान्यात घुसतं. आठवणीवर विसंबू नका, त्या काळातले मेसेज, डायरी, हिशेब काढून पडताळा. दुसरा रकाना भरगच्च निघाला, तर स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी आधी काय विचारायचं याची यादी तेवढी तयार झाली. पहिलाच भरला, तर चूक तुमचीच, आणि ती नेमकी कोणती हेही समोर आलं.

आता दार उघडं आहे का, म्हणजे ती गोष्ट अजून करता येईल का, ते बघा. नील रोझ आणि एमी समरव्हिल या मानसशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये अमेरिकेतली जुनी सर्वेक्षणं एकत्र तपासली, तेव्हा शिक्षणाची खंत सर्वांत वर निघाली. त्यांचं स्पष्टीकरण असं की, जिथे अजून संधी असते तिथेच जास्त बोचतं. दार बंद असेल आणि कुणी दुखावलं असेल, तर माफी मागा किंवा भरपाई करा. कुणी दुखावलं नसेल, तर त्या निर्णयातून जे हवं होतं ते दुसरीकडे कुठे मिळेल एवढंच लिहा.

दार उघडं असो वा बंद, शेवटची ओळ 'अमुक झालं की तमुक करेन' अशी हवी: 'रात्रीचं जेवण झालं की 20 मिनिटं अभ्यासक्रमांची माहिती काढेन.' 'आता मन लावून शिकेन' अशी ओळ दोन दिवसांत विरते, कारण सुरुवात कधी करायची हे ती सांगत नाही.

गजर वाजला की उठा. तेच वाक्य तिसऱ्यांदा लिहिलं जात असेल, तर गजराआधीच. कोळसा उगाळावा तितका काळाच. स्वतःला झोडपल्याने सुधारणा होते, हाही गैरसमज: 2010 च्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल स्वतःला माफ केलेल्या विद्यार्थ्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली.

दोन आठवडे झोप किंवा भूक बिघडली असेल, तर कागद बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना गाठा. जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच.