ऑगरला नवी क्षमता देताना: नव्या डीएमसाठी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा)

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिकेच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतला (2014 च्या पुस्तकांतला) ऑगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, अगदी साधा आहे. आर्मर क्लास (त्याला फटका लागायला गाठावा लागणारा आकडा) 11, हिट पॉइंट (जीव) 59 आणि दर टर्नला सोट्याचा एकच तडाखा: हल्ल्याच्या d20 ला, म्हणजे वीस बाजूंच्या फाशाला, +6, लागला तर हिट पॉइंटमधून सरासरी 13 डॅमेज. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसमोर तो उभा राहतो, मारतो, मार खातो आणि पडतो. दुसऱ्यांदा भेटला की काय करायचं हे सगळ्यांना पाठ असतं. अशा वेळी नवे डीएम आधी हिट पॉइंट वाढवतात आणि तीच लढाई आणखी दोन राउंड रेंगाळते. नवी क्षमता द्यायची ती खेळाडूने आपल्या टर्नला वेगळा निर्णय घ्यावा म्हणून. कुठे उभं राहू, आधी कोणाला मारू, थांबू की मागे सरकू, यातला एक तरी प्रश्न तिने उभा केला पाहिजे.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. ऑगर दोन्ही हातांनी सोटा जमिनीवर आपटतो. दहा फुटांच्या आतल्या प्रत्येकाने स्ट्रेंग्थ सेव्ह करायचा, म्हणजे d20 मध्ये आपल्या ताकदीची भर घालून ठरलेला आकडा गाठायचा. चुकला तर 2d6 (दोन सहा बाजूंच्या फाशांची बेरीज) डॅमेज आणि प्रोन (जमिनीवर आडवा), जमला तर निम्मं डॅमेज आणि पाय जागेवर. सेव्हचा आकडा (DC) मनाने ठरवू नका: 8 अधिक ऑगरचा प्रोफिशियन्सी बोनस 2 अधिक त्याच्या स्ट्रेंग्थचा मॉडिफायर (भर) 4, म्हणजे 14. रिचार्ज 5–6 ठेवा, म्हणजे वापरल्यानंतर ऑगरच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला एक d6 टाकायचा आणि 5 किंवा 6 पडला तर क्षमता परत मिळते.

2d6 च का? अनेकांना एकदम लागणारा हल्ला दोघांना लागतो आणि दोघेही सेव्ह चुकतात असं धरून हिशेब करायची पद्धत आहे. 2d6 ची सरासरी 7, दोघांचं मिळून 14. नेहमीच्या तडाख्याचं 13. म्हणजे ऑगरची ताकद जवळपास तीच राहिली, फक्त एकाला चिकटून चौघांनी उभं राहणं महाग झालं. आता तेच 4d6 करून बघा. पहिल्या राउंडला 28, पुढच्या दोन राउंडला 13–13, तीन राउंडची सरासरी 18. 2014 च्या डंजन मास्टर्स गाईडमधल्या तक्त्यात दर राउंडचं 9 ते 14 डॅमेज चॅलेंज रेटिंग (मॉन्स्टर किती अवघड याचा आकडा) 1 च्या ओळीत येतं आणि 15 ते 20 हे 2 च्या ओळीत. हल्ल्याची बाजू एक पायरी वर गेली. शिवाय तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डचे (जादूगाराचे) कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +2 धरून जेमतेम 20 हिट पॉइंट असतात. 4d6 कमाल 24 पर्यंत जातो, 2d6 कमाल 12. एका फाशात विझार्ड आडवा होणार की नाही, हे तुम्ही क्षमता लिहितानाच ठरवलेलं असतं.

हा तक्ता वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. खुद्द ऑगर त्यात घालून पाहिला तर बचावाची बाजू 1/4 येते (59 हिट पॉइंटची ओळ 1/2 ची, आणि आर्मर क्लास 13 ऐवजी 11 म्हणून एक पायरी खाली), हल्ल्याची 2 येते, आणि सरासरी साधारण 1. पुस्तकात मात्र त्याचं रेटिंग 2 छापलं आहे. म्हणून तक्त्यातून नवं रेटिंग काढत बसू नका, फक्त फरक मोजा. छापील आकडा खरा धरायचा, बदलाने एक बाजू एक पायरी वर गेली तर अर्धा मिळवायचा आणि वरच्या पूर्णांकावर न्यायचं. 4d6 वाला ऑगर असा 3 चा झाला, 450 XP चा (XP म्हणजे अनुभवाचे गुण, लढाईचं वजन यांतच मोजतात) 700 झाला. सोबत 50 XP चे दोन गॉब्लिन असतील तर त्याच गाईडप्रमाणे तीन मॉन्स्टरसाठी दुप्पट: आधी 550 चे 1100, आता 800 चे 1600. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी 900 पासून लढाई अवघड आणि 1600 पासून जीवघेणी. दोन फाशांनी तुम्ही थेट त्या रेषेवर पोचलात.

प्रोनचा परिणाम संख्येत दिसत नाही, आणि नवखे डीएम इथेच फसतात. पडलेल्यावर पाच फुटांच्या आतून हल्ला केला तर दोन d20 टाकून मोठा आकडा घ्यायचा, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज, लांबून केला तर लहान आकडा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज. उठायला निम्मा वेग जातो. म्हणजे ऑगरच्या टर्ननंतर लगेच तलवारवाले गॉब्लिन खेळणार असतील तर ही क्षमता भयंकर होते. तेच गॉब्लिन झाडामागून बाण मारत असतील तर ऑगर उलट त्यांचंच काम बिघडवतो. कोणती क्षमता किती जड हे तिच्या शेजारी कोण उभं आहे आणि इनिशिएटिव्हचा (कोणाचा टर्न कधी याचा) क्रम काय आहे त्यावर ठरतं. एकट्या ऑगरवर तपासलेली क्षमता टोळीत घातली तर हिशेब पुन्हा करा.

स्टन आणि पॅरलाइज (टर्नला काहीच करू न देणाऱ्या अवस्था) खालच्या लेव्हलला टाळा. DC 14 समोर +0 सेव्ह असणारा 35 टक्के वेळाच सुटतो. पाच जणांच्या टेबलावर एक राउंड सहज पंधरा मिनिटं घेतो. दोन राउंड गेले की त्या खेळाडूने अर्धा तास नुसतं बघण्यात घालवला. प्रोन, ढकलणं, पकडून ठेवणं यात त्याच्याकडे करण्यासारखं काहीतरी उरतं.

प्रत्येक क्षमतेला तोड हवी, आणि ती शोधता येण्यासारखी हवी. ट्रोल दर टर्नला 10 हिट पॉइंट भरून काढतो, पण आग किंवा अ‍ॅसिड लागलं की पुढच्या टर्नला ते थांबतं. ऑगरला 5 चं रिजनरेशन दिलंत तर हिशेबात तिप्पट, म्हणजे 15 हिट पॉइंट जास्त धरा, आणि ते कशाने थांबतं हे लढाईआधी दाखवा: अंगावर भाजल्याचा न भरलेला एकच व्रण, गुहेत विझवून ठेवलेल्या चुली. सोटा आपटण्याआधीही तो डोक्यावर उचलताना वर्णन करा. पहिला फटका खाल्ल्यावर तरी खेळाडूंना खूण पटली पाहिजे.

एकट्या मॉन्स्टरसाठी दुसऱ्याच्या टर्नला करायची रिअ‍ॅक्शन फार उपयोगी पडते, कारण चार टर्नसमोर त्याचा एकच असतो. पाच फुटांतून कोणी मारलं की त्याला DC 14 स्ट्रेंग्थ सेव्ह, चुकला तर दहा फूट मागे. डॅमेज नाही, म्हणून रेटिंगही हलत नाही. आणि रिअ‍ॅक्शन राउंडला एकच, त्यामुळे ती खर्ची पडली की बाकीचे ऑपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाणाऱ्यावर रिॲक्शन खर्चून मारलेला फटका) न खाता निसटू शकतात. चाणाक्ष खेळाडू हे दुसऱ्याच राउंडला पकडतात.

दोनपेक्षा जास्त नव्या क्षमता देऊ नका. लढाई तीन-चार राउंडची असते. पहिल्या राउंडला वापरलेली क्षमता पुढच्या दोन टर्नमध्ये परत येण्याची शक्यता रिचार्ज 5–6 ला साधारण 56 टक्के आणि नुसत्या 6 ला 31 टक्के. तिसरी क्षमता कागदावरच राहते. नुसतं रूप आणि डॅमेजचा प्रकार बदलायचा असेल, आगीऐवजी थंडी वगैरे, तर हिशेबाची गरज नाही. पार्टीत कोणाला त्या प्रकाराचा रेझिस्टन्स आहे का एवढं पाहा. टीफ्लिंग या सैतानी वंशाच्या पात्रावर आग निम्मीच लागते.

खेळाच्या आदल्या दिवशी पार्टीची चार कॅरेक्टर शीट घेऊन एकट्याने तीन राउंड खेळा. डॅमेज सरासरीने, d20 मात्र खरा टाका. तरीही टेबलावर गणित चुकलं तर ऑगरचे हिट पॉइंट हाताशी आहेत: 59 ही 7d10+21 ची सरासरी आहे, म्हणजे 28 ते 91 मधला कोणताही आकडा त्याच्या फाशांना शक्य आहे. लढाई ओढत चालली तर 45 वर पाडा. नवी क्षमता मात्र एकदा दिसली की त्या लढाईत तिचा DC किंवा डॅमेज बदलू नका, कारण खेळाडू त्याच आकड्यांवर पुढची चाल आखत असतात.