वर्षाचं दाणं घरात कसं ठेवायचं : सात एकर कोरडवाहूचा हिशेब

आमची जमीन कळंब तालुक्यात, जिल्हा धाराशिव. सात एकर, सगळी कोरडवाहू. २०१५ साली आम्ही सातही एकरांत सोयाबीन पेरलं. आदल्या वर्षी पाऊस नव्हता, डोक्यावर देणं होतं, आणि सोयाबीनचा पैसा लगेच हातात येतो म्हणून ज्वारीला एक ओळही ठेवली नाही. पाऊस त्याही वर्षी गेला. जी चार पोती झाली ती ज्या आडत्याकडून बी-खताची उचल घेतली होती त्याच्याच दारात, तो म्हणेल त्या भावाने गेली. संक्रांतीला घरात ज्वारीचा दाणा नव्हता. शेतकऱ्याचं घर, आणि वाण्याकडून पायली-पायलीने उधार ज्वारी आणत होतो. माघात गाभण गाय विकली, कारण कडबाही नव्हता. त्या बाजारात आमच्यासारखेच कितीतरी जण दावं हातात धरून उभे होते. पुढे एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. आमची धान्याची कणगी त्याच्या तीन महिने आधीच कोरडी पडली होती.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांनी १९७२ ला रोजगाराच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, "बहात्तरला पेरलेलं उगवलं नाही. तुम्ही तर खायचं पेरलंच नाही." ते मला लागलं. तेव्हापासून घराचा हिशेब बदलला. नंतर नोटबंदी झाली, तुरीची मंदी आली, टाळेबंदी आली, २०२५ च्या सप्टेंबरचा पाऊस आला. नुकसान प्रत्येक वेळी झालं, पण जनावर विकायला काढलं नाही आणि सावकाराच्या पायरीवर गेलो नाही. बचत गटात नव्याने येणाऱ्या बायांना मी जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी मोजा

पहिलं काम वहीचं आहे. आठ दिवस रोज भाकरीला किती पीठ लागतं ते मापून लिहा. अंदाज नेहमी कमी निघतो. आमच्या घरी पाच माणसं, रोज दीड किलो पीठ, म्हणजे वर्षाला साडेपाच क्विंटल ज्वारी. डाळ रोज पाव किलो, वर्षाला नव्वद किलोच्या घरात. तूर भरडल्यावर डाळ सत्तर टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणून तूर सव्वा ते दीड क्विंटल. तेल महिन्याला चार किलो, त्यासाठी करडई दोन क्विंटल धरा. हुलगे, मूग वीस-वीस किलो. जवस, कारळ, तीळ चटणीपुरते. मीठ, गूळ, चहा-साखर एवढंच दुकानाचं.

रेशन या हिशेबात धरू नका. माणशी पाच किलोचा आधार मोठा आहे, आणि २०२० मध्ये त्यावर आणखी पाच किलो मोफत मिळाले तेव्हा गावातल्या कितीतरी चुली त्यावर चालल्या. पण मशीनवर अंगठा उमटला नाही किंवा एखादं नाव ऑनलाइन चढलं नाही, की तो महिना कोरडा जातो. म्हणून ज्वारी पूर्ण वर्षाची ठेवायची. रेशन मिळालं की तेवढी ज्वारी वाचते, ती पुढच्या वर्षाच्या खात्यात लिहायची. असं करत तीन वर्षांत आमच्याकडे दीड वर्षाचा साठा झाला. दीड वर्ष एवढ्यासाठी, की रब्बीची ज्वारी येते फाल्गुनात. एक रब्बी बुडाली तर नवा दाणा थेट त्याच्या पुढच्या फाल्गुनात दिसतो.

कोणता तुकडा कशाला

भारी काळ्या रानातला दीड एकर ज्वारीचा. तो दरवर्षी ठरलेला, बाजारात काहीही भाव असला तरी. आम्ही मालदांडी पेरतो. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती येते, वरून पाणी मागत नाही, आणि कडबा गोड असतो. साधलं तर एकरी पाच-सहा क्विंटल, नाही साधलं तर दोन. कडब्याला उपउत्पादन म्हणू नका. ज्याच्याकडे कडबा आहे त्याची गाय माघात बाजाराला जात नाही.

साडेचार एकरांत सोयाबीन, पण नुसतं नाही. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन काळं पडलं तरी पाणी साचून चिबड न लागलेल्या रानातली तूर उभी राहते. अर्धा एकर करडई-हरभरा. करडईचं पट्टं ज्वारीच्या कडेनेही टाका, काट्यामुळे मोकाट जनावर आत शिरत नाही. घराजवळचा अर्धा एकर भाजीचा आणि माझा. तिथे काय लावायचं ते मीच ठरवते, आणि हे प्रत्येक घरात बाईच्याच हातात असावं असं माझं मत आहे. चुलीवर काय शिजणार ते तिला ठाऊक असतं.

घरातल्या पुरुषांचं म्हणणं असतं की ज्वारीत दीड एकराचा पैसा बुडतो. चांगल्या वर्षी ते खरं आहे. पण २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं, आणि आमचं सोयाबीन खळ्यावर आलं तेव्हा भाव निम्म्यावर आला होता. २०२४ ला हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार त्याच्याही खाली. ज्वारीचा हिशेब सोयाबीनच्या भावाशी लावू नका. ज्या महिन्यात घरात दाणा नसतो, त्या महिन्यात ती उधारीवर केवढ्याला पडते त्याच्याशी लावा.

वाळवणं आणि भरणं

पिकवलेलं इथेच सर्वात जास्त वाया जातं. मळणी झाली की लगेच पोती भरायची घाई करू नका. ताडपत्रीवर तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरा, दुपारी दोनदा पायाने सारून वरखाली करा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गरम दाणा तसाच कोठीत घालू नका. रात्रभर घरात निवू द्या, सकाळी भरा. गरम भरला की आत घाम सुटतो, त्याची बुरशी होते. मी स्वतः एका वर्षी दोन पोती अशीच घालवली आहेत.

आमच्याकडे दोन सोयी आहेत. रोजच्या वापराची तुराट्यांची कणगी, शेणा-मातीने आतून-बाहेरून लिंपलेली. वर्षाच्या साठ्याला पत्र्याची कोठी. दोन्ही दगडांवर उचललेल्या, भिंतीपासून हातभर लांब. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून थराथराने घाला, वर चाळलेल्या राखेचा थर द्या. दर महिन्याला कोपरापर्यंत हात आत घाला. आत ऊब लागली तर त्याच दिवशी सगळी ज्वारी बाहेर काढून उन्हात टाका. भुंगा डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळतो.

तूर सबंध ठेवू नका, भुंगा फार लागतो. उन्हाळ्यात भरडून डाळ करा, थोडं तेल चोळून वाळवा आणि डब्यात भरा. बियाण्याची तूर तेवढी राखेत. सल्फासच्या, म्हणजे कीड मारायच्या विषारी, गोळ्या माणसं झोपतात त्या घरातल्या धान्यात कधीच टाकू नका. त्यातून निघणारा वायू माणूस मारतो, आणि त्या गोळ्या घरात असणं हेच संकट आहे. आमच्या गटात त्यावर बंदी आहे.

चैत्र-वैशाखात ऊन फुकट असतं. सांडगे, बाजरीच्या खारवड्या, वाळवलेली गवार, अंबाडी, वांग्याच्या फोडी. २०२० ला आठवडी बाजार बंद झाले तेव्हा आम्ही दोन महिने यावर आणि हुलग्याच्या माडग्यावर काढले. मुलं कंटाळली, पण उपाशी नव्हती. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी बांधावर येते. ती जरूर खा, पण ज्या रानात तणनाशक फवारलं आहे तिथली तोडू नका.

विकायचं केव्हा

घरात वर्षाचं दाणं असलं की आडत्यापुढे थांबता येतं, सगळ्या खटाटोपातलं मला हे सर्वात मोलाचं वाटतं. आमच्या घरातून पहिल्या आठवड्यात माल जायचा तो भाव चांगला म्हणून नाही, तर किराणा आणायचा म्हणून. २०१७ च्या सुरुवातीला तुरीला बोनससह ५,०५० हमीभाव होता आणि बाजारात त्यापेक्षा हजाराने कमी मिळत होते. खरेदी केंद्रावर रांगा, कधी बारदाना नाही. ज्यांना घरखर्चाला तूर विकणं भाग होतं त्यांनी बाजारात दिली. आमच्या घरी त्या फाल्गुनात ज्वारी आली होती, म्हणून रांगेत उभं राहायचा धीर होता.

पण थांबायलाही नियम हवा, नाहीतर तो जुगार होतो. आम्ही माल तीन भागांत विकतो : एक काढणीला, मजुरी आणि देणी भागवायला, दुसरा संक्रांतीनंतर, तिसरा पेरणीच्या आधी. दर कळला म्हणून भाग बदलायचा नाही. सोयाबीन खरेदी केंद्रावर न्यायचं असेल तर ओलावा बारा टक्क्यांच्या आत ठेवून न्या, नाहीतर माल परत येतो आणि गाडीभाडं अंगावर पडतं.

पैसा अगदीच अडला तर बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून शेतमाल तारण कर्ज मिळतं. सोयाबीन, तूर, हरभऱ्याला मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी. सगळ्याच समित्या ते चालवत नाहीत, म्हणून काढणीआधी चौकशी करा. गोदामाची पावती वहीत चिकटवू नका, डब्यात ठेवा. आणि पीककर्ज मुदतीत नवं-जुनं करा, म्हणजे फेडून पुन्हा घ्या. तीन लाखांपर्यंतचं वेळेत फेडलं तर आपल्या राज्यात व्याज लागत नाही. ती एक तारीख चुकवणं म्हणजे सावकाराला स्वतःहून बोलावणं.

पोळ्याला बसून ठरवा

वर्ष वाईट जाणार हे पोळ्यापर्यंत कळतं, पण घरात कुणी बोलत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे वही घेऊन बसतो. किती दाणं आहे, किती कडबा आहे, किती देणं आहे. कडबा कमी पडणार असेल तर जनावर कमी करायचं ते तेव्हाच, दिवाळीआधी. दुष्काळात जनावरांचा भाव पडतो आणि दाण्याचा चढतो, दोन्ही एकदम. माघात गाय विकून ज्वारी घेणारा दोन्हीकडून मारला जातो, हे मी भोगलं आहे.

आधी शेळ्या विका. आमच्याकडे उस्मानाबादी शेळ्या आहेत, जुळी देतात, पाच-सहा महिन्यांत बोकड हाताशी येतो. बोकड बकरी ईदच्या आधी विकायचा, गरज असो नसो, आणि तो पैसा गटाच्या खात्यात. दुभती गाय, बैल, मुलीची शाळा आणि जमीन यांना हात लावायचा नाही. सोनं गहाण ठेवावं लागलं तर बँकेत ठेवा, पावती घ्या, सोडवायची तारीख कॅलेंडरवर लिहा.

ऊसतोडीची उचल हे आमच्या भागातलं सर्वात मोठं भुयार आहे. मुकादमाकडून कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचल घेतली की ती फिटेपर्यंत पाय सुटत नाहीत. जाणं टळतच नसेल तर उचल कमीत कमी घ्या, रक्कम लिहून घ्या, आणि मुलांना आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून जा. त्याआधी रोजगार हमीच्या कामाची मागणी ग्रामपंचायतीत लेखी द्या आणि तारखेची पोच घ्या. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्त्याचा हक्क लागतो. तोंडी मागणीला काहीच किंमत नसते.

कागदांचा एक पत्र्याचा डबा करा : सातबारा, पीक विम्याची पावती, पासबुकं, रेशनकार्ड, गोदामाच्या पावत्या. नुकसान झालं की मोबाइलवर फोटो काढा. २०२४ पर्यंत विमा घेतलेला असेल तर बहात्तर तासांत कळवावं लागायचं, कितीतरी जणांचा दावा तिथेच जायचा. आताचा नियम विमा भरतानाच विचारून घ्या. डबा आणि बियाणं जमिनीवर ठेवू नका.

सावड आणि पायली

एकट्या घराने हे सगळं पेलत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात हातात नोट नव्हती, रब्बीची कामं अडली होती. आम्ही गटातल्या बायांनी सावड केली, आज माझ्या रानात, उद्या तिच्या. टाळेबंदीत खुरपणीला आलेल्या बायांनी स्वतःहून पैशाऐवजी ज्वारी मागितली.

त्यातून धान्याची पेढी उभी राहिली. गटातली प्रत्येक बाई फाल्गुनात एक पायली ज्वारी समाजमंदिरातल्या कोठीत टाकते. अडलेली नेते आणि पुढच्या सुगीला पायलीवर चिपटंभर, म्हणजे पायलीचा सोळावा भाग, जास्त परत आणते. सवाई-दिढी, म्हणजे सव्वापट-दीडपट वसुली, नाही. किल्ली तिघींकडे असते, कोठी तिघी असल्याशिवाय उघडत नाही, आणि कुणी किती नेलं ते बैठकीत वाचून दाखवतात. पहिल्यांदा वाचताना लाज वाटायची, आता वाटत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात रानात पाणी उभं राहिलं, सोयाबीन सडलं, कितीजणींचं ज्वारीचं बियाणंही भिजलं. आमचं माळवदाखालच्या (मातीच्या छताखालच्या) फळीवर होतं म्हणून वाचलं. रान पेरण्याजोगं सुकून वाफसा यायला उशीर झाला, पण पेढीतून अकरा जणींना पेरायला ज्वारी दिली. यंदा फाल्गुनात नऊ जणींनी परत आणून टाकली. दोघींची नदीकाठची मातीच खरवडून गेली आहे, त्यांच्या रानात अजून गाळ टाकायचं काम चाललंय. त्यांच्या नावापुढे वहीत "पुढच्या सुगीला" असं लिहिलं आहे.