मानसिक आरोग्यावर स्टुडंट रिसर्च करताय? फॉर्म पाठवायच्या आधी हे सगळं बघून घ्या

पदवीच्या प्रोजेक्टला मोबाइल, सोशल मीडिया, चॅटबॉट आणि डिप्रेशन-अँग्झायटी असले विषय घेणारी मुलं वाढतायत आणि दर सेमिस्टरला कुणीतरी विचारतंच की तयारी काय करायची, म्हणून एकदा सगळं सलग लिहून टाकते. यातली एक गोष्ट, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल विचारलं आणि कुणी हो म्हटलं तर काय करायचं, हे ठरवायचं आमच्या ग्रुपकडून राहिलं होतं, ती खाली पुन्हा पुन्हा येईल, येऊ द्या, कारण बाकी काही चुकलं तर मार्क जातात पण तिथे चुकलं तर एखाद्या माणसाचं नुकसान होऊ शकतं.

गाईड, ग्रुप, डेडलाइन हे तुम्ही बघालच. विषय मात्र आधी छोटा करा. "सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम" एवढं घेऊन बसाल तर हाती काही लागणार नाही, कारण सोशल मीडियात लांब राहणाऱ्या मैत्रिणीशी बोलणंही आलं आणि रात्री दोनपर्यंत रील्स बघत पडणंही आलं, आणि या दोन्हींचा मनावरचा परिणाम एकच असेल असं धरायला काही आधार नाही. कोण, काय वापरतं, कधी वापरतं आणि तुम्ही नक्की काय मोजणार, हे दोन ओळींत लिहिता आलं पाहिजे. आणि अपेक्षा जमिनीवर ठेवा. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांचा डेटा तपासला, तेव्हा मुलांच्या वेलबीइंगमधल्या (मनाने किती बरं वाटतं त्यातल्या) फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक टेक्नॉलॉजीच्या वापराशी जोडता आला. म्हणजे संबंध असला तरी बारीक असतो, आणि तो साठ मित्रमैत्रिणींच्या फॉर्ममध्ये दिसत नाही. ०.३ चं कोरिलेशन (दोन गोष्टी किती जोडलेल्या आहेत ते सांगणारा आकडा) ८० टक्के पॉवरने, म्हणजे संबंध असेल तर तो सापडायची शक्यता ८० टक्के ठेवून, पकडायचं तर साधारण ८५ लोक लागतात, ०.२ साठी १९५ च्या आसपास, आणि ०.१ साठी पावणेआठशेच्या वर. हे गणित जी-पॉवर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं, आधी करा, डेटा आल्यावर करून काही उपयोग नाही.

स्क्रीन टाइम "तुम्ही रोज किती तास मोबाइल वापरता" असं विचारू नका. लोकांना खरंच माहीत नसतं. २०२१ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले गेले तेव्हा सांगितलेला वापर आणि फोनमध्ये नोंदलेला वापर यांचा मेळ बेताचाच निघाला. फोनच्या सेटिंगमध्ये आठवड्याची सरासरी दिसते, ती बघून आकडा टाकायला सांगा, कुठे टॅप करायचं तेही फॉर्ममध्ये लिहा. स्क्रीनशॉट मागू नका, त्यात कोणकोणती ॲप्स आहेत ते सगळं दिसतं.

आता स्केल, म्हणजे आधी तपासलेल्या तयार प्रश्नावल्या. स्वतः प्रश्न बनवायचा मोह आवरा, "तुम्हाला कधी उदास वाटतं का" असल्या प्रश्नाचं उत्तर कशाशी ताडून बघणार? तयार स्केल आहेत, डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९ (२००१), अँग्झायटीसाठी जीएडी-७ (२००६), ताणासाठी पीएसएस-१०, आणि नुसतं एकंदर बरं वाटतंय का एवढंच हवं असेल तर डब्ल्यूएचओ-५. पीएचक्यू आणि जीएडी वापरायला परवानगी लागत नाही, बाकीच्यांचं तपासा. भाषांतर स्वतः किंवा मशीनकडून करून घेऊ नका, तपासलेली आवृत्ती शोधा. पीएसएस-१० मध्ये चार प्रश्न उलटे मोजायचे असतात (४, ५, ७ आणि ८), ते विसरलात तर पूर्ण निकाल बिघडतो. पीएचक्यू मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतं, त्यामुळे परीक्षेच्या काळात फॉर्म फिरवलात तर तुम्ही परीक्षाच मोजताय. आणि १० किंवा त्याहून जास्त स्कोअर आला म्हणजे "डिप्रेशन झालंय" असं कुठेही लिहायचं नाही, हे स्क्रीनिंग (नुसती पहिली चाळणी) आहे, निदान करणं डॉक्टरांचं काम.

आता ती गोष्ट. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न. मेलेलं बरं असं वाटणं किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा आले, असं तो विचारतो, उत्तर ० (अजिबात नाही) ते ३ (जवळजवळ रोज). शंभर-दोनशे लोकांना हे विचारलंत तर कुणीतरी १ म्हणणार, कुणीतरी ३ म्हणणार, हे धरूनच चाला. मग तुम्ही काय करणार? हे फॉर्म बनवायच्या आधी ठरलं पाहिजे, लिंक पाठवायच्या आदल्या रात्री नाही. आमच्या वेळी ठरलेलं नव्हतं. फॉर्म निनावी होता, उत्तरं शीटमध्ये जमत राहिली, ॲनालिसिसची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा तो कॉलम उघडला आणि त्यात २ आणि ३ होते, आणि ती माणसं कोण हे कळायला काही मार्ग नव्हता, शेवटच्या पानावर साधा हेल्पलाइनचा नंबरसुद्धा नव्हता. म्हणून सांगते, नववा प्रश्न ठेवायचा असेल तर उत्तर आल्यावर काय होणार ते कागदावर लिहा. कोण बघणार, किती तासांत बघणार, कुणाला कळवणार.

रस्ते तीन आहेत. एक, नववा प्रश्नच काढा, त्यासाठी पीएचक्यू-८ नावाची अधिकृत आवृत्ती आहे, स्कोअर ० ते २४ आणि १० चा कटऑफ तिथेही चालतो, पदवीच्या बहुतेक प्रोजेक्टना हीच पुरते आणि माझा सल्ला हाच आहे. दोन, प्रश्न ठेवा, फॉर्म निनावी ठेवा, पण मदतीची माहिती प्रत्येकाला दिसली पाहिजे, सुरुवातीलाही आणि शेवटीही, आणि आम्ही तुमच्यापर्यंत पोचू शकणार नाही हे कन्सेंटमध्ये (सुरुवातीच्या संमतीच्या पानावर) स्पष्ट लिहा. तीन, कोण आहे ते कळेल अशी सोय ठेवा, पण मग रोज उत्तरं तपासावी लागतील, शनिवार-रविवारसुद्धा, आणि कॉलेजच्या काउन्सेलरशी आधी बोलून त्यांची तयारी आहे का ते विचारावं लागेल. त्यांना न विचारता त्यांचा नंबर छापू नका! हेल्पलाइनचा नंबरही स्वतः फोन लावून बघा, लागतो का, कोणत्या वेळात उचलतात, कोणती भाषा बोलतात. बंद पडलेला नंबर देण्यासारखं वाईट काही नाही.

गूगल फॉर्म वापरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट, उत्तरावरून वेगळ्या पानावर नेण्याची सोय मल्टिपल चॉइस आणि ड्रॉपडाउनला आहे, ग्रिडला (सगळे प्रश्न एकाच तक्त्यात) नाही. आणि सगळे जण पीएचक्यू ग्रिडमध्येच टाकतात कारण दिसायला नीट दिसतं. नववा प्रश्न वेगळा काढून मल्टिपल चॉइस करा, म्हणजे ० सोडून काहीही निवडलं की मदतीचं पान लगेच पुढे येईल.

कुणी म्हणेल की असं विचारलं तर मनात नसलेला विचार मनात येतो. तसं होत नाही. २००५ मध्ये दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर हेच तपासलं होतं, विचारल्यामुळे त्रास किंवा तसे विचार वाढलेले दिसले नाहीत. त्यामुळे या भीतीने प्रश्न काढू नका, उत्तर आल्यावर काही करायची तुमची सोय नाही म्हणून काढा.

एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती. फॉर्म आधी फिरवून मंजुरी नंतर घ्यायची असं चालत नाही, गाईड "करा, बघू नंतर" म्हणाले तरी चालत नाही. अर्जात नवव्या प्रश्नाचा प्लॅन लिहा, कमिटीने विचारलं नाही तरी लिहा. वेळ लागतो, प्रश्न परत येतात, तेवढी जागा वेळापत्रकात ठेवा. कमिटीच नसेल तर गाईड आणि मानसशास्त्र विभागातलं कुणीतरी, दोघांकडून लेखी तपासून घ्या. १८ पेक्षा लहान मुलं असतील तर बहुतेक ठिकाणी पालकांची परवानगी लागते आणि मुलाचा स्वतःचा होकारही लागतो, पहिल्या वर्षाच्या वर्गात अशी मुलं असतात, वय आधी विचारा.

कन्सेंटचं पान आपण स्वतः वाचू एवढंच मोठं ठेवा. कशाबद्दल आहे, किती वेळ लागेल, कोणता प्रश्न त्रासदायक वाटू शकतो, मध्येच सोडता येतं का, डेटा कुणाकडे राहणार. आणि जबरदस्ती करू नका. ज्युनिअर वर्गात सरांसमोर फॉर्म भरायला लावणं, भरला की हजेरी देणं, ग्रुपवर "कोणी भरला नाही अजून" म्हणून नावं टाकणं, याला कुणी होकार म्हणू नये. अशा वेळी आलेली उत्तरंही खरी नसतात, शेजारी मित्र बसलेला असताना नवव्या प्रश्नाला कोण खरं लिहिणार?

प्रायव्हसी. ईमेल गोळा करायचं बटण बंद आहे ना ते बघा, ते चालू असेल तर निनावी म्हणायचा हक्क नाही. विभाग, वर्ष, जेंडर, वय, राहण्याचं ठिकाण असं सगळं विचारलंत तर छोट्या वर्गात एकच माणूस उरतो आणि तो सगळ्यांना कळतो. लागतं तेवढंच विचारा. ऑनलाइन पोस्टवर काम करत असाल तर कुणाचं वाक्य जसंच्या तसं रिपोर्टमध्ये टाकू नका, सर्चमध्ये टाकलं की लिहिणारा सापडतो. आणि मुलाखतींचे ट्रान्सक्रिप्ट एआय चॅटबॉटमध्ये टाकून "थीम काढून दे" म्हणू नका, लोकांनी ते तुम्हाला सांगितलंय, कंपनीच्या सर्व्हरला नाही.

पायलट (खऱ्या फॉर्मआधीची छोटी चाचणी) पाच-सहा जणांवर करा, वेळ मोजा, शब्द अडतात का बघा. मग स्वतः मोबाइलवरून फॉर्म भरा आणि नवव्या प्रश्नाला ३ निवडा. काय दिसलं? पुढचं पान आलं का, नंबरवर टॅप केल्यावर फोन लागतो का, तिसरा रस्ता घेतला असेल तर ज्याने बघायचं ठरलंय त्याला मेल गेला का? ग्रुपमधल्या प्रत्येकाने हे एकदा करायचं. आणि शेवटी "अजून काही सांगायचंय का" असा मोकळा चौकोन ठेवलात तर पीएचक्यू-८ वापरूनही सुटका नाही, लोक तिथे लिहितात, आणि ते कुणीतरी त्या दिवशीच वाचायला हवं. जमणार नसेल तर चौकोन काढून टाका.

मुलाखती असतील तर तेच सगळं, फक्त माणूस समोर असतो. रडायला लागलं तर रेकॉर्डिंग थांबवा, पुढचा प्रश्न विचारू नका, थोडा वेळ बसा, पुढे जायचं का ते त्याला ठरवू द्या. काउन्सेलर त्या वेळात फोनवर मिळतील असं आधी ठरवून ठेवा. "कुणाला सांगणार नाही" असं सरसकट वचन देऊ नका, जिवाला धोका वाटला तर मदत बोलवावी लागेल हे सुरुवातीलाच सांगा. दिवसाला दोनपेक्षा जास्त मुलाखती नकोत, ऐकणाऱ्यालाही त्रास होतो आणि तुम्हीही विशीतलेच आहात, एकमेकांशी बोलत राहा.

ॲनालिसिस, कोणती टेस्ट लावणार ते डेटा बघायच्या आधी लिहून ठेवा, ओएसएफ या संशोधनाच्या वेबसाइटवर फुकट नोंदवता येतं. क्रॉनबॅक अल्फा (स्केलमधले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) काढा. रिकाम्या उत्तरांचं काय करणार तेही आधीच ठरवा. एकदाच केलेल्या सर्व्हेवरून "मुळे" हा शब्द वापरायचा नाही, मोबाइलमुळे उदास की उदास म्हणून मोबाइल, ते त्यातून कळत नाही.

लिखाण लवकर सुरू करा, मर्यादा खऱ्या लिहा, काही निघालं नाही तर निघालं नाही असं लिहा. ज्यांनी फॉर्म भरला त्यांना एका पानात निकाल कळवा. डेटा कधी पुसणार म्हणून कन्सेंटमध्ये तारीख दिली होती ती कॅलेंडरमध्ये टाका, आणि त्या दिवशी ड्राइव्हवरचा डेटा तर उडवाच, पण ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवर डाउनलोड केलेली शीट शिल्लक आहे का ते एकेकाला विचारून घ्या.