निवासी-व्यापारी वस्तीत जाहिरात फलक लावताना

खाली दुकाने आणि वर घरे अशा वस्तीतला फलक महामार्गावरील फलकाप्रमाणे एकदाच पाहिला जात नाही. तीच माणसे तो कामावर जाताना, भाजी आणताना आणि मुलांना शाळेत सोडताना रोज पाहतात, तर काहींच्या खिडकीसमोर तो रात्रभर उभा असतो. म्हणून फलकाबाबतचा प्रत्येक निर्णय येथील रहिवाशाला समोर ठेवून घ्यावा.

जागा केवळ एजन्सीने पाठवलेल्या छायाचित्रावरून ठरवू नये. त्या रस्त्यावरून दोन्ही दिशांनी, पायी आणि वाहनातून, दिवसा आणि दिवे लागल्यावर स्वतः जावे व फलक प्रथम कोठून दिसतो आणि कोठे नजरेआड होतो, ते अंतर मोजावे. पानगळीत मोकळा दिसणारा फलक पालवी फुटल्यावर झाकला जातो, आणि मावळता सूर्य त्याच्या मागे असल्यास ऐन गर्दीच्या वेळी मजकूर काळवंडतो.

हे अंतर ६० मीटर निघाले असे समजा. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ते सुमारे ७ सेकंदांत पार करते, आणि चालकाची नजर रस्त्यावर असणे आवश्यक असल्याने त्याला त्यातील एखाद-दोन सेकंदच मिळतात; पायी जाणाऱ्याला मात्र पाऊण मिनिट मिळते. त्यामुळे मुख्य ओळ सहा-सात शब्दांची ठेवावी आणि पत्ता किंवा वेळ यांसारखा तपशील पादचाऱ्यासाठी खालच्या भागात द्यावा. दर १० फूट अंतरामागे १ इंच उंचीचे अक्षर हा प्रचलित ठोकताळा आहे. त्यानुसार ६० मीटरवरून वाचायच्या अक्षराची उंची सुमारे ५० सेंटीमीटर हवी. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि उकार यांसाठी वरखाली मोकळी जागा सोडावी लागते, तसेच बारीक रेषांची जोडाक्षरे दुरून एकमेकांत मिसळतात, हे संगणकाच्या पडद्यावर लक्षात येत नाही. नमुना लहान आकारात छापून त्याच प्रमाणात दूर उभे राहून वाचून पाहावा.

दिव्यांबाबत मी विशेष आग्रही आहे, कारण झोपमोड झालेले कुटुंब त्या दुकानाकडे आपुलकीने पाहणार नाही. दिवे फलकाच्या वरून खाली रोखलेले आणि झाकणीचे असावेत, त्यांना वेळ ठरवणारे स्वयंचलित बटण बसवावे आणि दुकाने बंद झाल्यावर ते विझावेत. बदलत्या चित्रांचा एलईडी पडदा शयनगृहांसमोर मुळीच लावू नये.

इमारतीच्या मालकाची किंवा सोसायटीची लेखी संमती आणि स्थानिक स्वराज्य संस्थेचा परवाना हातात येण्यापूर्वी छपाई करू नये. सांगाड्याची तपासणी अभियंत्याकडून करून स्थैर्य प्रमाणपत्र घ्यावे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की फलकावरील दाब चौपट होतो, त्यामुळे एरवी भक्कम वाटणारा सांगाडा वादळात टिकेलच असे नाही, आणि त्याखालून माणसे ये-जा करत असतात. गच्चीवरील फलकामुळे पाण्याच्या टाकीकडे जाणारी वाट किंवा कोणाची खिडकी अडता कामा नये.

करारात फाटलेला फ्लेक्स किती दिवसांत बदलायचा, वीजबिल कोणी भरायचे आणि मुदत संपल्यावर सांगाड्यासह सर्व साहित्य कोणी उतरवायचे, हे स्पष्ट लिहून घ्यावे.